बाईंची सकाळची हजेरी

"काल मी जे बोलले ते बरोबर होतं. ज्या तऱ्हेने बोलले, ते चुकलं. एवढं मी कबूल करते. याच्यापुढे एक अक्षर कबूल करणार नाही, सांगून ठेवते!"

बाईंच्या घरी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या आवाजाने मी अंथरुणातून ताडकन उठून बसले. मला वाटलं, दारात कुणीतरी भांडायला आलंय. ओढणी सावरत पडवीत आले, तर बाई एकट्याच. स्वच्छ धुतलेलं सुती लुगडं, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, केस चापूनचोपून बसवलेले. समोर अंगण, अंगणात अबोलीची रोपं, त्यापलीकडे शेजाऱ्यांच्या आणि बाईंच्या आवाराच्या मधला जांभ्या दगडांचा गडगा. माणूस कुठेच नाही.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान न वळवता, चौकातल्या पोलिसासारखा हात वर करून मला जागच्या जागी थांबवलं. मग त्याच खणखणीत आवाजात समोरच्या रिकाम्या अंगणाला म्हणाल्या, "ही नवीन मुलगी. लांज्याची. कॉलेजात शिकवते. उठायला उशीर करते. बाकी चेहरा बरा आहे. हिच्यावर लक्ष असू दे. आमेन."

आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात, "चहा घेणार ना गो?"

बाई देवाशी बोलत होत्या, हे मला चहा निम्मा झाल्यावर कळलं.

बाई मुलींच्या एका शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगातलं मैदान काही गेलं नव्हतं. त्यांचे वडील कंपाउंडरच्या नोकरीसाठी नगरकडून रत्नागिरीत आले आणि इथेच राहिले. बाई इथेच वाढल्या, इथेच शिकवलं, लग्न केलं नाही. "वेळ झाला नाही," एवढंच कारण सांगायच्या. मंगलोरी कौलांचं छोटं घर होतं, त्यातली एक खोली नोकरी करणाऱ्या मुलींना द्यायच्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या बायका मला बाजारात भेटायच्या, आणि मी कुठे राहते हे कळलं की त्यांची पाठ आपोआप सरळ व्हायची. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीची वेणी सुटलीय हे ओरडून सांगायचा आवाज होता तो. त्याच आवाजात बाई प्रार्थना करायच्या.

त्यांचा रोजचा क्रम ठरलेला. पहाटे आंघोळ. चहाचा घोट नाही. मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकून वर झाकण. त्या वेळात कुणाचा फोन आलाच, तर तांदूळ घुमल्यासारखे वाजत राहायचे आणि बाई ढुंकून बघायच्या नाहीत. मग पडवीत यायचं आणि सावधानमध्ये उभं राहायचं. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना, नजर समोर. थोडा वेळ असं उभं राहून झालं की स्वतःच हळूच "विश्राम" म्हणायच्या आणि वेताच्या खुर्चीत बसायच्या.

"देव आल्यावर बसून कसं राहायचं?" मी विचारल्यावर म्हणाल्या होत्या. "वर्गात मोठं माणूस आलं की आपण उभं राहत होतो की नाही? मग तो म्हणतो, बसा. मग बसायचं."

"तो म्हणतो?"

"तो म्हणायच्या आधी मी म्हणते. माझे पाय दुखतात हे त्याला ठाऊक आहे."

बसल्यावर पवित्र शास्त्रातला एक उतारा मोठ्याने वाचायच्या. वाचता वाचता अडायच्या. एखादं वाक्य पटलं नाही तर तिथेच थांबून, "हे तू सोपं समजतोस. इथे येऊन राहून बघ," असं म्हणायच्या. मग क्षणभराने, जरा वरमून, "हो, राहून गेलास खरं. विसरले." मी आत कणीक मळताना ऐकत असायची. मला आधी हसू यायचं. मग हळूहळू हसू थांबलं, आणि मी कणीक मळायची थांबून ऐकायला लागले.

वाचून झालं की हजेरी. त्यांचाच शब्द. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं त्या पटावरच्या मुलींसारखी पुकारायच्या. सगळी तोंडपाठ, ठरलेल्या क्रमाने. आधी जुन्या विद्यार्थिनी. कुणी दुबईला, कुणी डोंबिवलीला, एक जयगडच्या बंदरात ऑफिसात नोकरीला. मग दारावर मासे घेऊन येणारी, तिचा होडीवर जाणारा नवरा, चर्चमधले म्हातारे, चर्चचे पाळक. "पाळकसाहेब चांगला माणूस आहे, पण उपदेश लांबवतो. त्याला वेळेवर थांबायची बुद्धी दे." मग मी, लांज्याला माझ्या वडिलांची साखर. आणि सगळ्यांत शेवटी, घसा साफ करून, "आणि मोजणीदार."

मोजणीदार म्हणजे गडग्यापलीकडचे काका. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायची, बाई मोजणीदार. एका पावसाळ्यात गडगा ढासळला होता, तो काकांनी परत रचून घेतला, आणि रचताना तो बाईंच्या बाजूला हातभर सरकवला, असं बाईंचं म्हणणं. काकांचं म्हणणं, आधीच तो त्यांच्या बाजूला हातभर सरकलेला होता, त्यांनी जागेवर आणला. दोघांच्या मधल्या त्या हातभर कातळावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. पण दावा कोर्टात उभा राहिला तो राहिलाच. तारखेच्या दिवशी दोघं एकाच कोर्टाच्या बाकावर दोन टोकांना बसायचे आणि एकाच उतारावरून, रस्त्याच्या दोन कडांनी, घरी परतायचे.

गंमत अशी, की सकाळी बाईंच्या हजेरीच्या वेळेला काकांची पूजा आटोपलेली असायची आणि ते गडग्यापलीकडे आपल्या ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असायचे. बाईंचा आवाज गडगा ओलांडून सरळ त्यांच्या पेपरात शिरायचा. मी राहायला गेले त्या सुमाराला हजेरीतला शेवटचा भाग असा असायचा : "आणि मोजणीदार. त्याला सद्बुद्धी दे. नसेल द्यायची तर कोर्टाची तारीख लवकर लाव."

पलीकडून पेपर जोरात झटकल्याचा आवाज यायचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, हे सगळं मनातल्या मनात नाही का म्हणता येणार? काकांना सगळं ऐकू जातं."

"जाऊ दे की."

"आणि देवाला तर मनातलंही कळतं म्हणतात."

बाई पोळपाट पुसत होत्या. थांबल्या. "त्याला कळतं गो. मला कळत नाही. मनातल्या मनात बोलायला लागले की मी खोटं बोलते. छान छान शब्द सुचतात. मोठ्याने बोललं की आपलं आपल्याला ऐकू येतं, आणि खोटं लगेच कळतं. म्हणून ओरडते."

मी कॉलेजात दिवसभर पोरांशी बोलायची, घरी येऊन फोनवर आईशी बोलायची, पण एवढं एक कारण कळल्यापासून माझ्याच बोलण्याकडे माझे कान लागले. बाईंच्या घरी राहण्याचा हा एक त्रास होता.

दुसरा त्रास नळाचा. आमच्या आळीत पाणी नेमकं बाईंच्या प्रार्थनेच्या वेळेला सोडायचे. सगळ्या घरांतून हंडे-कळशांचा खणखणाट, आणि बाई सावधानमध्ये उभ्या. मी पहिल्यांदा पाण्याला धावले, तर पंप बाईंच्या खोलीतल्या बटणावर, आणि त्या खोलीला पडवीतून वाट. बाईंनी पुन्हा तोच हात वर केला. पाणी येऊन गेलं. त्या दिवशी मी विहिरीवरून कळश्या वाहिल्या आणि मनातून चांगलीच चरफडले.

"अर्धा तास पुढे-मागे केला तर काय बिघडेल?" मी म्हणाले.

"आज नळासाठी पुढे ढकलेन. उद्या गॅसवाल्यासाठी. परवा कंटाळा आला म्हणून," बाई म्हणाल्या. "जेवण झाल्यावर भांड्याला लागलेली भाजी आपण पाहुण्याला वाढतो का गो? मग देवाला तरी उरलेला वेळ कसा वाढायचा?"

पण बाईंचं पिंप मग कधी रिकामं राहिलं नाही. कसं ते मला काही दिवसांनी दिसलं. काकू, म्हणजे काकांच्या बायको, आपल्या नळाची पाइप गडग्यावरून अलगद आमच्या बाजूला सोडायच्या आणि पिंप भरलं की ओढून घ्यायच्या. मला बघितल्यावर ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नको हं." मागे ओट्यावर काका पेपर वाचत होते. पाइप त्यांच्या पायांवरूनच गेली होती.

बाई धर्माचं बोलणं माझ्याशी फारसं काढायच्या नाहीत. माझा देव्हारा मी खोलीतल्या कपाटावर मांडला होता. गणपतीत त्या स्वतः मला जास्वंद आणून द्यायच्या. एकदा मात्र सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझा साखरपुडा झालेला होता आणि तो त्याच आठवड्यात मोडला होता. आई लांज्याहून येऊन रडून गेली होती. मला कुणाशी बोलायचं नव्हतं आणि एकटंही बसवत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. हजेरीत माझ्यापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "ही आज इथेच आहे. लग्न मोडलं ते बरं झालं की वाईट, ते तुला ठाऊक. मुलगा मला आवडला नव्हता, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तिला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही." मला रडता रडता हसू फुटलं, आणि त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू होतं.

नंतर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला उत्तर येतं का कधी?"

"शब्दांत? नाही."

"कधीच नाही?"

"तरुण होते तेव्हा वाटायचं, आता येईल, मग येईल. कित्येक वर्षं नुसती जाऊन बसत होते. काही नाही. मैदानावर मुलींना मी रोज पळवायचे, तेव्हा रोज काय पदक मिळायचं त्यांना? पण पळून पळून पाय तयार व्हायचे. इथेही काहीतरी तयार होत असणार. माझं मला नाही दिसत. तुला दिसलं तर सांग."

मला दिसत होतं. ते काकांच्या बाबतीत दिसत होतं.

सद्बुद्धी आणि तारीख बरेच दिवस चालली. मग एका सकाळी बाई वाचता वाचता थांबल्या. शत्रूवर प्रीती करण्याचा भाग असणार, कारण एकदम भडकल्या. "हे तू माझ्याकडून करून घेणार म्हणतोस? बरं. आशीर्वाद माग म्हणतोस, मागते. दे त्याला आशीर्वाद. पण हे मी मनापासून म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. मागाहून म्हणू नकोस की फसवलं."

पुढे कितीतरी दिवस हेच. "मोजणीदार. आशीर्वाद. अजून मनापासून नाही." पलीकडे पेपर झटकायचं बंद झालं.

आणि मग एक दिवस, शब्द शोधत शोधत, बाई म्हणाल्या, "मोजणीदार. हे बघ, सगळ्या माणसासाठी मला मागता येत नाही. त्याचा डावा गुडघा बघ तू. तो बसून उठतो तेव्हा हात टेकतो, मी पाहिलंय. तो गुडघा बरा कर. त्या गुडघ्यासाठी मी मनापासून मागते. बाकीचा माणूस नंतर बघू."

गडग्यापलीकडे काका खोकले. जरा जास्तच वेळ खोकले.

त्या दिवशी आमेन झाल्यावर बाई तिथेच उभ्या राहून, देवाकडून थेट शेजाऱ्याकडे वळल्या. मैदानी आवाजात ओरडल्या, "खुर्चीत बसायचं! पाय समोर! टाच जमिनीपासून वर! गुडघा ताठ! धरून ठेवायचं! खाली!" पलीकडे फक्त पेपर सळसळला. पण दोन-चार दिवसांनी काकू कढीपत्ता मागायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "हे करतात हो रोज. पेपर आडवा धरून करतात, मला दिसू नये म्हणून." तेव्हापासून रोज आमेननंतर गुडघ्याची कवायत सुरू झाली. आज्ञा इकडून, पाय तिकडे. आणि कोर्टात तारखा चालूच.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी मी सकाळच्या प्रात्यक्षिकांसाठी लवकर कॉलेजात गेले होते. बाई आंघोळीला गेलेल्या होत्या, मी बाहेरूनच "येते हं" म्हणून निघाले होते. पुढचं मला काकूंनी सांगितलं.

काका पूजा उरकून ओट्यावर बसले. पेपर उघडला. थोड्या वेळाने त्यांनी तो खाली ठेवला.

"आज आवाज नाही," ते म्हणाले.

"गावाला गेल्या असतील," काकू म्हणाल्या.

"गावाला जाताना पडवीत उभं राहून सांगून जाते ती. देवाला सांगते, ते आपल्याला कळतं." काका उठले. हाका मारल्या, "बाई! अहो बाई!" इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मारलेली हाक. उत्तर नाही. रस्त्याने वळसा घालून यायचं तर आळीच्या टोकापर्यंत जावं लागतं. काका तेवढं थांबले नाहीत. काकू "अहो, गुडघा!" म्हणेपर्यंत ते गडग्यावर चढले. ज्या गडग्यातला एक दगड हलवला तरी वकिलाची नोटीस यायची, त्याचे वरचे दगड गडगडत खाली आले, आणि काका त्यांच्याबरोबर आमच्या अबोलीत उतरले.

बाई पडवीच्या उंबऱ्याशी कलंडल्या होत्या. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निपचित. काकांनी रिक्षा आणली, रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले होते. धोतराला माती, कोपर सोललेलं. डॉक्टर मला म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, पण वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "वेळेची पक्की आहे ती. म्हणून कळलं."

बाई वाचल्या. पायात हळूहळू जोर आला. पण वाचा गेली. सगळं ऐकू येत होतं, समजत होतं. शब्द मात्र ओठांशी येऊन विरून जायचा. नुसता एक घोगरा हुंकार निघायचा, आणि तो ऐकून त्या स्वतःच दचकायच्या.

घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी मला खुणेने बूट घालायला लावले. पडवीत नेलं. माझ्या आधाराने उभ्या राहिल्या, टाचा जुळवायचा प्रयत्न केला, बसल्या. तोंड उघडलं. काही नाही. परत उघडलं. मग डाव्या मुठीने खुर्चीचा हात ठोकायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांचं शास्त्र उघडून वाचायला गेले. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण पुढे काय? हजेरी मला येत नव्हती. इतकी वर्षं ऐकूनही मला निम्मी नावं, तीही उलटसुलट. त्या मान हलवायच्या, मुठीने ठोकायच्या, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

रविवारी उपासना आटोपून पाळक आले. त्यांनी गुडघे टेकून फार सुंदर प्रार्थना केली. बाईंनी त्यांचा हात धरला, डोक्यावर ठेवून घेतला. पण ते गेल्यावर पुन्हा भिंतीकडे वळल्या. पुढल्या सकाळी त्यांनी बूट बाजूला सारले. मला खूण केली, नको. मोबाईल तांदळात टाकायला गेले, तर तो माझ्या हातातून काढून घेऊन टेबलावर ठेवला. ते मला झटक्यापेक्षा भयंकर वाटलं. अर्धं अंग गेलं तेव्हा बाई घाबरल्या नव्हत्या. आता त्या सोडून देत होत्या.

मी गडग्याशी जाऊन काकूंना हे सांगत होते. काका ओट्यावर होते. तोंडासमोर पेपर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्याच्या ढासळलेल्या खिंडारातून काका आले. पूजेनंतरचं गंध कपाळावर, अंगात धुतलेला सदरा. पडवीच्या पायरीशी उभे राहिले. बाई आतल्या खाटेवर होत्या. मला म्हणाले, "तिला बाहेर आण."

मी आणलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे बघा बाई," काका म्हणाले. आवाज ऑफिसातला, कोरडा. "मी काही तुमच्यातला नाही. तुमच्या देवाशी कसं बोलतात ते मला माहीत नाही. पण इतकी वर्षं माझा पेपर धड वाचून झालेला नाही. ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. चुकलं तर ठोका."

आणि ते सावधानमध्ये उभे राहिले. डावा गुडघा जरासा वाकलेला होता, तो त्यांनी ताठ केला. "विश्राम" म्हणाले, पण बसले नाहीत. आणि सुरू केलं. दुबईची. डोंबिवलीच्या दोघी. जयगडची, बंदरातली. मासेवाली, तिचा नवरा, होडी. एकेक नाव, बाईंच्या क्रमाने, मध्ये मध्ये बाईंचेच शब्द. "पाळकसाहेब. चांगला माणूस आहे, पण लांबवतो." बाईंची मूठ खुर्चीच्या हातावर तयार होती, ती तशीच राहिली. काकांचं एकही नाव चुकलं नाही. मी आले, माझे वडील आले. बाईंनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

शेवटाला येऊन काका अडले. खाली बघायला लागले. पलीकडे गडग्याशी काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"आणि..." काका म्हणाले. "आणि मोजणीदार. त्याचा गुडघा."

बाईंची मूठ खाडकन खुर्चीवर आदळली. बाईंचा चेहरा लाल झाला, मान ताणली गेली, आणि त्या घशातून, दगड ढकलावा तसा एक शब्द बाहेर आला.

"डा... वा!"

झटक्यानंतरचा बाईंचा पहिला शब्द.

"हो, हो, डावा," काका घाईघाईने म्हणाले. "डावा गुडघा. चुकलो. बरा आहे आता तो, असं कळवतो तुमच्या देवाला. आणि..." सदऱ्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. "बाकीचा माणूसही बघा म्हणावं, जमलं तर."

बाई हसल्या. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, खांदे हलवत हसल्या, आणि डावा हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर काका रोज यायचे. त्यांची पूजा झाली की खिंडारातून इकडे. उतारा मी वाचायची, हजेरी ते घ्यायचे, बाई ठोकायच्या. मग काकूही यायला लागल्या, चहाची किटली घेऊन. दवाखान्यातून बोलायचा सराव करून घ्यायला एक मुलगी यायची, ती म्हणाली, यांना रोज सकाळी जे ऐकवता ते बंद करू नका, शब्द तिथूनच परत येतायत. खरंच एकेक नाव परत यायला लागलं. आधी मासेवाली, मग मी. गडग्याचं खिंडार तसंच राहिलं. कोर्टात पुढची तारीख आली तेव्हा बाईंनी आणि काकांनी मिळून दावा काढून घेतला. बाईंनी डाव्या हाताने सही केली, तिला बराच वेळ लागला, आणि न्यायाधीश थांबले.

मग माझी नोकरी सावर्ड्याला लागली, तिथेच लग्न झालं. मुलगा बाईंना आधी दाखवून आणला. या वेळी मी आठवणीने विचारलं. त्यांनी मान डोलावली.

परवा रत्नागिरीत काम होतं म्हणून आदल्या दिवशीच गेले आणि बाईंकडे राहिले. थकल्यात आता, पण काठी टेकत हिंडतात. बोलतात थांबत थांबत, लहान लहान वाक्यं. सकाळी जाग आली तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. घरात कुणाचाच आवाज नव्हता. धावत पडवीत आले.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. पायांत बूट. शास्त्र मिटलेलं मांडीवर. काकांची नि त्यांची हजेरी आटोपली होती. काका परत जाऊन ओट्यावर पेपर वाचत होते. बाई मात्र उठल्या नव्हत्या. नजर समोर, पण कशावर नाही. चेहरा असा, की हाक मारावीशी वाटेना. मी दाराशी उभी राहिले. अंगणात बुलबुल येऊन गेले. रस्त्याने दूधवाला गेला. कितीतरी वेळाने त्यांनी मान वळवली आणि मला खुणेने शेजारी बसवलं.

"आता आवाज येत नाही तुमचा," मी म्हणाले. "बोलता येतं ना थोडं थोडं? मग देवाशी बोलत नाही का?"

बाईंनी विचार केला. शब्द जमवायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

"आधी... मी बोलायचे," त्या म्हणाल्या. "खूप. बिचारा... ऐकायचा."

"आणि आता?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हसल्या.

"आता... दोघंही गप्प बसतो," बाई म्हणाल्या. "बरं वाटतं गो."